पायांनी म्हटलेलं ‘नको’

सायकल चालवायला लागल्यावर सुरुवातीचं वर्षभर मी एकदाही एकटी नव्हते. माझ्या मागे कायम एक राखाडी रंगाची छोटी मोटार असायची, चारही इंडिकेटर लावलेली, आणि तिच्यात माझे बाबा. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला सकाळी उठल्यावर काहीतरी काम लागतं. ते काम म्हणजे मी. मी वळले की मोटार वळायची. चढावर माझा वेग कमी झाला की मागून हॉर्न वाजायचा. तो प्रोत्साहनाचा हॉर्न आहे, असं बाबांचं म्हणणं होतं. आमच्या सायकल ग्रुपमधले लोक मला अदबीने विचारायचे की तुमच्या घरी कुणी मंत्री वगैरे आहे का. मी हसायचे. बहुतेक प्रश्नांना मी हसूनच उत्तर देते. इंग्लिश मीडियमच्या शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी ‘क्वाएट चाइल्ड’ असा शेरा असायचा. बाईंना काय म्हणायचं होतं देव जाणे, पण हैदराबादेतल्या अंबरपेठच्या आमच्या घरात तो पहिला नंबर आल्यासारखा वाचला जायचा.

तर अशा मुलीने एके दिवशी जेवताना सांगितलं, की येत्या रविवारी ती दोनशे किलोमीटरची राइड करणार आहे, आणि मागे मोटार नको.

“एकटी?” आई म्हणाली.

“ग्रुप आहे.”

“ग्रुप म्हणजे परकेच ना गं.”

बाबांनी भात कालवायचा थांबवला. “जा, बेटा,” ते म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. “पण एक बात लक्षात ठेव. अर्ध्या रस्त्यातून ‘बाबा, न्यायला या’ असा फोन आला की संपलं. पुढे जिथे जाशील तिथे मी मागे. तेव्हा तोंड वाकडं करायचं नाही.”

“आणि फोन नाही आला तर?”

“तर गाडी कायमची पार्किंगमध्ये.”

“कायमची कशाला?” आई म्हणाली. “भाजी आणायला लागते.”

असा करार झाला. राइड ठरलेल्या वेळेत पूर्ण करणाऱ्याला पदक मिळणार होतं, पण माझं त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला फक्त त्या चार इंडिकेटरपासून सुटका हवी होती.

पुढे जे झालं ते समजायला आमच्या घरचं एक शिक्षण सांगायला हवं. चिक्कडपल्लीला बाबांच्या चुलत बहिणीकडे आम्ही महिन्यातून एकदा जायचो. आत्या चिवड्याची बशी पुढे करायची. पहिल्यांदा मी ‘नको’ म्हणायचे. आई समाधानाने खाली बघायची. आत्या म्हणायची, अगं घे की. मी पुन्हा ‘नको’ म्हणायचे, थोडं मान हलवून. मग आत्या रागावल्याचं नाटक करायची आणि बशी माझ्या मांडीवर ठेवायची, तेव्हा ‘बरं, थोडासाच’ म्हणून सगळा चिवडा खायची परवानगी होती. तीन वेळा विचारल्याशिवाय घेतलं तर पोर हावरट, आणि दोनदाच विचारून बशी मागे नेली तर आत्या चिक्कू. यात कुणी उपाशी राहत नसे, कारण खेळाचे नियम दोन्ही बाजूंना पाठ होते. आमची मंडळी निजामाच्या काळात नांदेडकडून इकडे आली. शेती गेली, मराठीत हौ आणि परेशान शिरलं, पण हा खेळ शाबूत राहिला.

रविवारी पहाटे उप्पलच्या उड्डाणपुलाखाली ग्रुप जमला. आमचा कॅप्टन म्हणजे हायटेक भागातल्या सॉफ्टवेअर कंपनीतला एक तरुण मॅनेजर. त्याच्या छातीला पट्टा, मनगटाला घड्याळ आणि पेडलमध्ये एक यंत्र, ही सगळी त्याच्याकडून त्याचीच माहिती गोळा करत असतात. कुठलीही राइड त्याच्या भाषणाशिवाय सुरू होत नाही. तो सांगत होता की स्नायूंमध्ये साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. दोनेक तास जोरात चालवलं की तो तळाला जातो. म्हणून भूक लागायच्या आधी खा, खातच राहा.

मग तो एक गोष्ट बोलला ती मला आवडली. पाय खरे रिकामे होतच नाहीत, म्हणाला. पाय थकतात हे खरं. मेंदूचा हुकूम मज्जारज्जूतून खाली पोचतो, पण स्नायूचा तंतू पूर्वीसारखा आवळत नाही, आतली क्षारांची ये-जा मंदावलेली असते. पण त्याआधीच वर बसलेला मेंदू रक्तातली साखर बघतो, अंगातली उष्णता बघतो, रस्ता किती उरलाय ते बघतो आणि हुकूमच कमी पाठवायला लागतो. स्नायूत अजून शिल्लक असतं. मेंदू म्हणतो, पुरे.

शिल्लक असताना ‘पुरे’ म्हणायचं. भूक असताना ‘नको’ म्हणायचं. माझी मज्जासंस्था चिक्कडपल्लीत तयार झाली होती, याचा शास्त्रीय पुरावा मला उड्डाणपुलाखाली मिळाला.

वरंगळच्या रस्त्याला जाताना वारा पाठीमागून होता. श्रावणातले ढग, ऊन नाही, आणि पश्चिमेचा वारा मागून ढकलतोय, अशा वेळी प्रत्येकाला आपण फार चांगले सायकलपटू आहोत असं वाटतं. भोनगीरचा डोंगर कधी मागे पडला कळलंही नाही. जनगावच्या पुढे राइडचा अर्धा टप्पा होता. तिथे एका झाडाखाली सगळे थांबले आणि खाण्याच्या पिशव्या उघडल्या.

कॅप्टनकडे चकचकीत पाकिटांतली जेल होती. बाकीच्यांकडेही तशीच. माझ्याकडे आईने फॉइलमध्ये बांधलेले धपाटे होते, ज्वारीच्या पिठाचे, तीळ लावलेले, सोबत दह्यातली चटणी. फॉइल उघडताच लसणाचा वास झाडाखाली पसरला. त्या पाकिटांच्या शेजारी मला एकदम शाळेतला डबा आठवला, आणि मी शाळेत करायचे तेच केलं. आधी सगळ्यांना विचारलं.

इथे माझा हिशेब सरळ होता. मी विचारणार, ते नको म्हणणार, मी पुन्हा विचारणार, ते एखादा तुकडा मोडणार आणि उरलेलं मी खाणार. पण यांच्यापैकी कुणी आत्याकडे गेलेलं नव्हतं.

“अरे वा!” म्हणाले चष्मेवाले चाचा. त्यांचं आबिड्सला चष्म्यांचं दुकान आहे, आणि पोरीबाळींना ते ‘मा’ म्हणतात. पोट सुटलंय म्हणून डॉक्टरने त्यांना सायकलवर बसवलं, आणि ते प्रत्येक हॉटेलाशी थांबून ते पोट सांभाळतात. “ये क्या चीज है मा? अम्मी बनाए?”

“हौ. धपाटे.”

“लाओ.”

त्यांनी दोन घेतले. कॅप्टनने ‘होल ग्रेन, सुपर’ म्हणत दोन घेतले. इतरांनी घेतले. चटणी बोटाने चाटून संपली. एकही ‘नको’ माझ्या कानावर आला नाही. माझ्या हातात फॉइल उरली, तीही चाचा तत्परतेने घेऊन गेले. मी टाकतो, म्हणाले.

मग कॅप्टनने माझ्यापुढे जेल धरलं. “तू घेतलं नाहीस काही. हे घे, मँगो.”

“नको, नको,” मी म्हणाले. पहिलं.

“ओके,” तो म्हणाला, आणि जेल खिशात गेलं.

त्याच्या कंपनीत ‘नाही म्हणजे नाही’ या विषयावर दर वर्षी ट्रेनिंग असतं, आणि तो त्यात मन लावून बसतो. एरवी मला याचं कौतुक वाटलं असतं. चाचांनी खजूर पुढे केले, मी मान हलवली, त्यांनी ते माझ्या देखत तोंडात टाकले. आमच्या शहराने मराठीतून ‘नको’ उचललं, त्याचा नक्को केला आणि दिवसभर वापरलं. त्याच्यामागचा आग्रह मात्र नांदेडलाच राहिला.

परतताना वारा तोंडावर होता.

समोरून वारा असला की सायकली एकामागे एक लावतात. पुढचा वारा कापतो आणि मागच्यांना आडोसा मिळतो. पुढच्याने दमल्यावर कोपर बाहेर काढून हलवायचं, बाजूला व्हायचं, आणि मागचा पुढे येतो. व्यवस्था सोपी आहे. फक्त ती आम्हाला विचारून केलेली नाही. कॅप्टनने कोपर हलवलं, तो बाजूला झाला आणि मी पुढे आले. आता मला दमल्यावर कोपर हलवायचं होतं. म्हणजे सगळ्या ग्रुपकडे पाठ करून, हाताने खूण करून जाहीर करायचं की मी थकले, आता तुमच्यापैकी कुणीतरी माझ्यासाठी कष्ट करा.

मी कोपर हलवलं नाही.

मला वाटलं, थोड्या वेळाने कुणीतरी आपणहून म्हणेल, ये गं मागे. कुणी म्हणालं नाही. उलट मागून कॅप्टन ओरडला, “मशीन! शी इज अ मशीन!” आणि सगळे माझ्या आडोशाला निवांत बसले. एका लाजऱ्या मुलीच्या मागे सात पुरुष वाऱ्यापासून लपून चालले आहेत, असं ते दृश्य होतं. बाबांनी बघितलं असतं तर हॉर्न वाजवला असता.

थकवा पायांतून येतो असा माझा समज होता. तो स्वभावातून आला. आधी मला समोरच्या एका बकरीचा भयंकर राग आला. तिने काही केलं नव्हतं. मग ऑफिसमधली जुनी बोलणी आठवून डोळ्यांत पाणी आलं. मग गिअर बदलायला गेले तर अंगठ्याने उलटी कळ दाबली आणि चढावर जड गिअर पडला. मैलाच्या दगडावर हैदराबादचा आकडा होता. तो आधीच्या दगडापेक्षा कमी होता की जास्त, ते मला ठरवता येईना. लहानपणापासून वाचत आलेली तेलुगू पाटी मला वाचायची सोडून खायची वस्तू वाटायला लागली. पाय फिरत होते, पण कुणा दुसऱ्याचे असावेत तसे, निरोप उशिरा पोचत असल्यासारखे.

मी आपोआप मागे पडत गेले. कॅप्टन थोडा हळू होऊन शेजारी आला. “ओके?”

“ओके.”

“शुअर?”

“हो हो.”

दोनदा विचारलं त्याने. आणखी एकदा विचारतोय का म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने अंगठा दाखवला आणि ग्रुप गाठला. हळूहळू त्यांचे लाल दिवे पुढच्या वळणावर दिसेनासे झाले.

भोनगीरच्या अलीकडे एक बसचा थांबा आहे. आसपास दुकान नाही, टपरी नाही, फक्त कुणा पुढाऱ्याचं हात जोडलेलं पोस्टर आहे. मी तिथे बसले नाही. सायकल थांबली आणि मी बाकावर आढळले. बाटलीत साधं पाणी होतं. कपाळावर गार घाम आला होता.

मोबाइल बाहेर काढला. गिअरची कळ न सापडणारा अंगठा बाबांच्या नावावर बिनचूक गेला. आणि मघाशी एक साधी वजाबाकी न करू शकलेला माझा मेंदू अचानक वकिलासारखा बोलायला लागला. बाबा मागे असतात त्यात वाईट काय आहे? किती मुलींचे बाप येतात? एसी असतो, पाणी असतं. लोक हसतात तर हसू देत. इंडिकेटर लावू नका असं सांगता येईल. आता ते साठीचे, मग सत्तरीचे होतील, तरी मागे येतील, ते किती हृद्य दिसेल! मी ऐकत होते आणि मला सगळं पटत होतं. सकाळी उड्डाणपुलाखाली ऐकलेलं मला आठवत होतं, की हा पुरे म्हणतो तेव्हा शिल्लक असतं. पण ज्या मेंदूने ते आठवायचं, तोच समोर उलट बाजूने वकील म्हणून उभा होता.

अंगठा बटणाच्या वर होता तेव्हा घंटी वाजली. सायकलची. चष्मेवाले चाचा, चहा घेत घेत, सगळ्यात मागून.

“क्या मा, बैठ गए?”

“हौ, जरा.”

“ठीक है ना सब?”

“हौ.”

“बैठो बैठो. आराम से आओ. मैं जारौं.” त्यांनी पेडलवर पाय ठेवला आणि निघाले.

मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. जर्सीच्या मागच्या खिशातून फॉइलचं एक टोक बाहेर आलं होतं. फॉइल काय, सगळ्या घरांत सारखीच असते. पण कोपरा दुमडून आत खोचायची पद्धत माझ्या आईची होती.

“रुको!” मी ओरडले. इतक्या मोठ्याने, की मला स्वतःलाच कुणी दुसरं ओरडल्यासारखं वाटलं. चाचांनी ब्रेक दाबले.

“आपके पास खाने को कुछ है क्या?”

हे वाक्य मी कुठल्याही भाषेत, कुणालाही, कधी विचारलं नव्हतं.

चाचा वळून आले. चेहरा चोरी पकडल्यासारखा. “है तो. मगर…” त्यांनी खिशातून फॉइल काढली. “वो तुमारीच अम्मी का है. एक रख लिया था. घरवाली को चखाना था.”

आधी त्यांनी बाटली दिली. त्यात ग्लुकोजची पावडर होती, ढवळलेली, गोड, कोमट. पहिला घोट मी गिळायच्या आधीच तोंडात धरला, आणि तेवढ्यात डोक्यातला वकील खाली बसला. साखर पोटात पोचायची होती, रक्तात जायला तर आणखी वेळ होता. पण जिभेला गोड कळलं आणि मेंदूने पायांचा अडवलेला निरोप सोडून दिला, तसे पाय पुन्हा माझे वाटायला लागले. असं होतं हे मी कुठेतरी वाचलं होतं आणि विश्वास ठेवला नव्हता. इतका कडक बंदोबस्त करणारा मेंदू, आणि नुसत्या चवीवर विरघळतो.

“आधा-आधा?” चाचांनी धपाटा उलगडत विचारलं.

“नक्को,” मी म्हणाले. “पूरा.”

ते पोट धरून हसले. “अरे, मुँ में ज़बान है! सुबू से नक्को नक्को बोलरै थे, मैं समझा आज तुमारा उपास है.”

मी खाता खाता त्यांना सांगितलं, की आमच्यात तीनदा विचारतात.

“तीन बार?” चाचा म्हणाले. “तीसरी बार तक तो मैं खा लेतूं मा.”

मोबाइल मी पिशवीत ठेवला, तळाशी, पंपाच्या खाली.

तिथून पुढे आम्ही दोघंच होतो. आधी ते पुढे, मग मी. वारा तसाच होता, पाय फार सुधारले नव्हते. थोड्या वेळाने मी उजवं कोपर बाहेर काढलं आणि हलवलं. वर्गात आयुष्यात पहिल्यांदा हात वर करावा तसं वाटलं. “इत्ती जल्दी?” चाचा मागून कुरकुरले, पण पुढे आले. मग मला चटकच लागली. उप्पलपर्यंत मी इतक्या वेळा कोपर हलवलं, की शेवटी चाचा म्हणाले, “मा, पंखा है क्या वो?”

आम्ही पोचलो तेव्हा वेळ संपून गेली होती. उड्डाणपुलाखाली कुणी नव्हतं. ग्रुपवर कॅप्टनने पदकं दाखवणाऱ्यांचा फोटो टाकला होता आणि खाली माझ्यासाठी लिहिलं होतं, ‘ग्रेट! वारा मस्त कापलास. पुढच्या वेळी न्यूट्रिशनकडे लक्ष दे.’ मी त्याला अंगठा पाठवला.

दिवेलागणीला घरी पोचले. जिना चढताना दर पायरीला मांड्या आपलं मत मांडत होत्या. वर आले तर दाराबाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बाबा बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पँट, पायात मोजे आणि बूट. शर्टाच्या खिशातून मोटारीच्या किल्लीचं टोक दिसत होतं.

“आलीस?”

“आले.”

“फोन नाही आला.”

“नाही.”

“मी दोन-तीनदा बघितलं, म्हटलं माझाच बंद पडला की काय.” त्यांनी मोबाइल उलटसुलट करून पाहिला, जणू अजूनही त्याच्यावर संशय होता.

आई दारात आली. “सकाळपासून इथेच आहेत,” ती म्हणाली. “बूट घालून घरात फिरू देणार नाही म्हटलं, तर खुर्ची घेऊन बाहेर बसले. ताटसुद्धा इथेच दिलं. दोनदा सांगितलं बूट काढा म्हणून. नको म्हणतात.”

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, कारण उभं राहणं आता माझ्या हातात नव्हतं.

“बाबा, काढा ना बूट.”

ते वाकले आणि नाडीची गाठ सोडायला लागले. बूट काढल्यावर त्यांनी खिशातली किल्ली काढून आईकडे दिली.

“भाजीला जायचं असेल तेव्हा सांग,” ते म्हणाले.